इट्राकोनाझोल आणि पाणी: प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

११ जून २०२४

औषध आलं. एका कंपनीने नमुना म्हणून २५ ग्रॅम इट्राकोनाझोल (नायट्यासारख्या बुरशीच्या आजारांवरचं औषध) पाठवलंय, काळ्या पिशवीत पांढरी पिशवी, सोबत तपासणीचा दाखला. तीन ठिकाणी मेल टाकले होते, दोघांनी उत्तरही दिलं नाही. मॅडमनी (माझ्या प्रोजेक्टच्या गाईड) पिशवी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "एवढ्यात सगळा प्रोजेक्ट बसव. परत मागायला तोंड राहणार नाही." पिशवी कपाटात, किल्ली माझ्याकडे.

केशनळीत वितळबिंदू पाहिला: १६६ ते १६८ अंश. जुळतो.

मग उगाचच, नोंदवहीत लिहिण्यासाठी नव्हे, एका बीकरमध्ये पाणी घेऊन वर चिमूटभर औषध टाकलं. टाल्कम पावडरसारखं वरच तरंगत राहिलं. काचेच्या कांडीने दाबलं तर खाली गेलं, कांडी उचलली तशी तिलाच चिकटून वर आलं, आणि बोटाने पुसून पाहिलं तर आतून कोरडं ठणठणीत. चहा पिऊन अर्ध्या तासाने परत आले. तसंच. मामांनी (आमचे लॅब असिस्टंट, तीस वर्षं याच बाकांवर) बीकरकडे पाहून विचारलं, "हे पोटात जाऊन काय करणार?" प्रोजेक्टचा विषय एका ओळीत इतका नीट मला सिनॉप्सिसमध्येही लिहिता आला नव्हता.

१५ जून

संपृक्त विद्राव्यता, म्हणजे द्रवात जास्तीत जास्त किती औषध मावतं ते. जास्तीचं औषध टाकलेले फ्लास्क ४८ तास शेकरवर, ३७ अंशांना. गाळून वाचन घेतलं. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ४.८ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. पीएच ६.८ च्या बफरमध्ये आमच्या यूव्हीला (अतिनील प्रकाश किती शोषला गेला त्यावरून औषध मोजणारं यंत्र) काहीच दिसत नाही. यात आश्चर्य नाही. उदासीन पाण्यात हे औषध मिलिलिटरला साधारण १ नॅनोग्रॅम विरघळतं, आणि ते पकडणं या यंत्राच्या आवाक्यातलं नाही.

रात्री होस्टेलवर गणित मांडलं. एका कॅप्सूलमध्ये १०० मि.ग्रॅ. पोटातल्या आम्लात ते पूर्ण विरघळायला सुमारे २१ लिटर आम्ल लागेल. आतड्यातल्या पाण्यासारख्या पीएचला मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम धरलं तर १ लाख लिटर. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत येतो तो टँकर १० हजार लिटरचा. म्हणजे एका कॅप्सूलमागे दहा टँकर. रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, मग आजवर कुणाचा नायटा बरा झालाच कसा? प्रश्न बरोबर आहे. सहा महिने त्याचंच उत्तर शोधायचंय.

२० जून

शुद्ध औषधाचं डिझोल्यूशन, म्हणजे ढवळत्या द्रवात किती वेळात किती टक्के विरघळतं ती चाचणी. ९०० मि.ली. ०.१ नॉर्मल आम्ल, पॅडल, मिनिटाला १०० फेरे, ३७ अंश. दोन तासांनी ४.१ टक्के. वरचा पांढरा थर शेवटपर्यंत पॅडलच्या दांड्याभोवती गोल फिरत होता. खरं तर ४.१ सुद्धा वाईट नाही, कारण ९०० मि.ली.मध्ये मिलिलिटरला ४.८ मायक्रोग्रॅम या हिशेबाने ४.३ टक्क्यांच्या वर जायला जागाच नाही. औषधाला विरघळायला वेळ कमी पडत नाहीये, जागाच संपतेय. विरघळण्याच्या वेगाचं नॉयेस-व्हिटनीचं १८९७ चं समीकरण आम्ही दुसऱ्या वर्षापासून घोकतोय, पण त्यातला 'संपृक्त विद्राव्यता वजा आत्ताची संहती' हा कंस शून्याला टेकतो म्हणजे काय, ते आज डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून नुसतं बारीक दळून भागणार नाही. ग्रिझोफुल्विनसारख्या औषधाला बारीक कण केल्यावर डोस कमी करता आला, ते इतिहासात आहे. इथे मात्र छत इतकं खाली आहे की कितीही जोरात धावलं तरी डोकं आपटणारच. छत वर न्यायचं तर स्फटिकाची घडीच मोडावी लागेल.

२६ जून

मॅडमसोबत बसून मार्ग ठरवले, किंवा खरं तर खोडले.

क्षार करणं: औषध अल्कधर्मी आहे खरं, पण अगदीच दुबळं, पीकेए ३.७ (अल्कधर्माची ताकद सांगणारा आकडा). तीव्र आम्लाचा क्षार केला तरी आतड्यात पोचताच तो मोडणार. खोडलं.

सायक्लोडेक्स्ट्रिन: मला हे फार आवडलं होतं. शंकूसारखी पोकळ साखर, तिच्या पोटात औषधाची पाणी टाळणारी बाजू शिरते. बाजारात हायड्रॉक्सिप्रोपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनमधलं इट्राकोनाझोलचं द्रावण आहेही, मिलिलिटरला १० मि.ग्रॅ. मी उत्साहाने बोलत होते. मॅडमनी एवढंच विचारलं, "त्या मिलिलिटरमध्ये सायक्लोडेक्स्ट्रिन किती?" पाहिलं तर ४०० मि.ग्रॅ. एकास चाळीस. माझ्या १०० मि.ग्रॅ.च्या डोसला ४ ग्रॅम. चार ग्रॅमची गोळी घोड्यालाही देता येणार नाही, आणि एवढं सायक्लोडेक्स्ट्रिन पोटात गेलं की जुलाब हा नेहमीचा त्रास. द्रावण म्हणून ठीक, गोळी म्हणून खोडलं.

पीईजी ६००० (मेणासारखा, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) वितळवून त्यात औषध घालणं: दुपारी करूनच पाहिलं. ७० अंशांना पीईजी तेलासारखं पातळ झालं, औषध मात्र त्यात दुधासारखं तरंगत राहिलं. थंड करून खलात कुटलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, स्फटिक जसेच्या तसे. ही तर नुसती मेणात बुडवलेली पूड. खोडलं.

उरलं सॉलिड डिस्पर्शन, बाष्पीभवनाने. औषध आणि पॉलिमर एकाच द्रावकात विरघळवायचे आणि द्रावक इतक्या झटकन उडवायचा की औषधाला परत रांगेत उभं राहायला वेळच मिळू नये. या कल्पनेची सुरुवात १९६१ मध्ये जपानमध्ये सेकिगुची आणि ओबी यांनी सल्फाथायझोल आणि युरिया एकत्र वितळवून केली. आज जवळपास प्रत्येक फार्मसी कॉलेजात कुणी ना कुणी हेच करत असतं, हेही खरं. मॅडमना नावीन्याची चिंता नाही. म्हणाल्या, "जुनंच कर, पण खरं कर." तेव्हा मला हे बोलणं जरा जड वाटलं होतं.

४ जुलै

पहिला पॉलिमर पीव्हीपी के३०, कारण कपाटात होता. औषध एक भाग, पॉलिमर दोन भाग. डायक्लोरोमिथेनमध्ये दोन्ही पटकन विरघळतात. रोटावर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) द्रावक उडवला. फ्लास्कच्या भिंतीवर फेस येऊन पापडासारखा वाळला. खरवडला, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ४० अंशांना रात्रभर, मग खलात. सुंदर, काचेसारखी पूड. डीएससीमध्ये (नमुना तापताना किती उष्णता घेतो ते दाखवणारं यंत्र) स्फटिक वितळल्याची १६७ ची टोकदार दरी पूर्ण गायब. औषधाची घडी मोडली.

डिझोल्यूशन उद्या. आज झोप.

१२ जुलै

उद्या उद्या करत आठवडा गेला, कारण डिझोल्यूशनचं यंत्र बी.फार्मच्या प्रॅक्टिकलला अडकलं होतं. आणि आज बाटली उघडली तर पूड नाही, तिळगुळाचा खडा. पीव्हीपी हवेतलं पाणी पितं हे सगळ्या पुस्तकांत आहे. ते वाक्य कोल्हापुरातल्या जुलैत वाचलं की वेगळं कळतं. लॅबमधला आर्द्रतामापक ८८ दाखवत होता. खडा फोडताना चिमट्याला तार सुटत होती.

उरलेलं सगळं डेसिकेटरमध्ये (वस्तू कोरडी ठेवणारं झाकणबंद भांडं) ठेवलं, नवं सिलिका जेल भाजून निळं करून.

२५ जुलै

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. कॉलेज बंद. वीज येते-जाते. नोंद करण्यासारखं काम नाही. मामांना फोन केला, ते म्हणाले, डेसिकेटर वरच्या फळीवर उचलून ठेवलाय, काळजी करू नका ताई.

५ ऑगस्ट

कॉलेज उघडलं. डेसिकेटरची फळी कोरडी होती, पण सिलिका जेल गुलाबी. झाकणाच्या कडेचं ग्रीस वाळून कुठून तरी हवा शिरत होती. दोष कुणाचा? माझाच, झाकण फिरवून पाहिलं नव्हतं.

त्या पुडीची परत डीएससी केली. १६४ च्या आसपास बुटकी, रुंद दरी परत आली होती. औषध महिन्याभरात गुपचूप आपल्या जागी जाऊन बसलं.

यावर दोन तास वाचलं आणि एक आकडा डोक्यात बसला. स्फटिक मोडलेल्या इट्राकोनाझोलचं काच-संक्रमण तापमान सुमारे ५९ अंश. त्याच्या वर गेलं की कण हलायला मोकळे, खाली असले तर थिजल्यासारखे. खोलीचं तापमान आणि ५९ यांच्यात तशी बरी दरी दिसते, पण ओलावा आत शिरला की तो वंगणासारखं काम करतो आणि पॉलिमरसकट सगळ्याचंच तापमान खाली ओढतो. मग ती दरी राहत नाही. या औषधाची आणखी एक गंमत आहे. वितळवून झटकन थंड केलं की डीएससीत ५९ नंतर ७४ आणि ९० अंशांना दोन छोट्या खुणा दिसतात, कारण ते मधल्या टप्प्यात द्रव-स्फटिकासारखं वागतं. मोबाइलच्या पडद्यात असतं तशा जातीचं. नायट्याच्या औषधाला हे कसलं वेड, असं वाटलं.

१९९८ मध्ये रिटोनाविरच्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या, कारण अचानक एक नवं, अधिक स्थिर आणि कमी विरघळणारं स्फटिकरूप उगवलं आणि डिझोल्यूशन कोसळलं. तिथे औषध एड्सचं होतं आणि रुग्ण वाट पाहत होते. माझ्या तर नुसत्या सहा ग्रॅमचा प्रश्न आहे, असं स्वतःला समजावलं. पंचवीसमधले सहा गेले.

पीव्हीपी बंद.

१३ ऑगस्ट

एचपीएमसी ई५. हा इतका पाणी पीत नाही, शिवाय बाजारातल्या मूळ कॅप्सूलमध्ये साखरेच्या दाण्यांवर औषध याच पॉलिमरसोबत लेपलेलं असतं, तेव्हा शहाण्यांनी निवडलेला.

पण द्रावकाने रडवलं. डायक्लोरोमिथेनमध्ये एचपीएमसी टाकला तर साबुदाण्यासारखा फुगून गोळे झाले. नुसत्या मिथेनॉलमध्ये औषध जात नाही. पीएचडी करणाऱ्या दादाने येऊन पाहिलं, काही न बोलता फ्लास्कमध्ये जवळजवळ तेवढंच मिथेनॉल ओतलं आणि हलवत राहिला. पाच-सात मिनिटांत गोळे पारदर्शक झाले, मग कडा विरल्या, मग सगळं पाण्यासारखं स्वच्छ. दोन द्रावकांपैकी एकही एकटा पुरत नाही, मिळून पुरतात. असंच का होतं हे दादाने समजावलं, पण मला त्या क्षणी फक्त फ्लास्क बघायचा होता.

वाळल्यावरची पापुद्री नखासारखी चिवट. खलात कुटली तर वाकते, तुटत नाही. शेवटी लॅबच्या छोट्या मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवली, कारण भांडं गरम झालं तर ५९ च्या वाटेवर आपणच औषधाला सोडून यायचो. साठ नंबरच्या चाळणीतून काढली. उरलेला द्रावक मोजायला नमुना बाहेर पाठवला. डायक्लोरोमिथेनची मर्यादा ६०० भाग प्रति दशलक्ष, मिथेनॉलची ३०००.

२१ ऑगस्ट

८६ टक्के!

तीस मिनिटांत ८६.२. शुद्ध औषध ४, औषध आणि पॉलिमर नुसते मिसळलेले ७, आणि हे ८६. एक्सेलमध्ये तिन्ही रेषा काढल्या. दोन जमिनीवर झोपलेल्या आणि एक सरळ उभी. ग्राफ स्टेटसला ठेवला. बाबांनी खाली लिहिलं, "छान, पण हे काय आहे?"

मॅडम रजेवर आहेत.

२८ ऑगस्ट

मॅडम आल्या. ग्राफ पाहिला, खूप वेळ पाहिला. आनंद दिसेना. विचारलं, "गाळल्यावर टेस्ट ट्यूब उजेडाला धरून पाहिलीस?"

नव्हती पाहिली. नमुना घ्यायचा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून सिरिंजने दाबायचा, मिथेनॉलने दहापट सौम्य करायचा, वाचन घ्यायचं, पुढचा. साडेसात तासांचं काम हातांना सवयीने येतं, डोळे लागतच नाहीत.

परत रन लावला. तिसाव्या मिनिटाचा नमुना गाळला. ट्यूबमध्ये स्वच्छच वाटला. मॅडमनी लॅबचे दिवे घालवले आणि मोबाइलची बॅटरी ट्यूबच्या बाजूने लावली. द्रावणातून निळसर झोत आरपार दिसला, पहाटे धुक्यात एसटीचे दिवे दिसतात तसा. शेजारी साधं आम्ल धरलं, त्यात काहीच नाही. म्हणजे फिल्टरमधून जाण्याइतके बारीक, पण न विरघळलेले कण त्यात होते. आणि मी काय करत होते? त्यांना मिथेनॉल पाजत होते. मिथेनॉलमध्ये ते कण झटकन विरघळले आणि यूव्हीने त्यांनाही विरघळलेलं औषध म्हणून मोजलं. माझा ८६ मधला बराचसा भाग व्हेसलमध्ये (डिझोल्यूशनच्या भांड्यात) नाही, माझ्याच क्यूव्हेटमध्ये (यूव्हीत ठेवायच्या कुपीत) विरघळला होता.

सौम्य न करता ४०० नॅनोमीटरला वाचन घेतलं. तिथे हे औषध प्रकाश शोषत नाही, शून्य यायला हवं. ०.२१ आलं.

मग ०.२ मायक्रॉनचे फिल्टर, पहिले ५ मि.ली. टाकून द्यायचे कारण सुरुवातीला फिल्टरच औषध धरून ठेवतो, आणि झोत दिसतो का ते प्रत्येक ट्यूबला पाहायचं. ५२ टक्के. बॅटरी लावली, झोत जवळजवळ नाही, अगदी पुसट. म्हणजे ५२ सुद्धा 'जास्तीत जास्त' म्हणूनच लिहायचा.

संध्याकाळी स्टेटस केव्हाच उडून गेलेलं होतं, तेवढं बरं.

रात्री थोडं शांत झाल्यावर पाहिलं तर ५२ टक्के म्हणजे मिलिलिटरला ५८ मायक्रोग्रॅम. स्फटिकाच्या ४.८ च्या बारापट. आणि ते बारीक कणही वाया गेलेले नाहीत. पाण्यातलं औषध आतड्याने शोषलं की ते कण मागून भरपाई करणारा साठा आहेत. आकडा लहान झाला, गोष्ट मोठी झाली. पण ८६ चा ग्राफ पाहिला की अजून पोटात कसंतरी होतं.

३ सप्टेंबर

स्थिरता चाचणी सुरू. ४० अंश, ७५ टक्के आर्द्रता. एचपीएमसीच्या पुडीच्या सहा बाटल्या बंद, सहा उघड्या.

११ सप्टेंबर

गौरीच्या जेवणाला घरी. आत्याच्या कमरेला नायटा, तीन महिने झाले, जात नाही. डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूलची पट्टी तिने पिशवीतून काढून दाखवली. इट्राकोनाझोल! मला हसू आलं, तिला राग.

"कधी घेतेस?"

"सकाळी उठल्या उठल्या. रिकाम्या पोटी औषध चांगलं लागू पडतं."

"सोबत?"

"सोबत ती गॅसची गोळी, मेडिकलवाल्याकडनं आणलेली. या कॅप्सूलनं जळजळ होईल म्हणून आपली आधीच घेते."

दोन्ही गोष्टी उलट्या. ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायची, कारण तिला आम्लही लागतं आणि जेवणातल्या स्निग्धाचाही आधार लागतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने पोटाचा पीएच वर गेला की माझ्या फ्लास्कमधले ४.८ मायक्रोग्रॅम त्या टँकरच्या हिशेबाकडे घसरतात. पोटात आम्ल कमी असणाऱ्यांना ही कॅप्सूल साध्या, साखर असलेल्या कोलासोबत घ्यायची सूचना असते, कारण कोलाचं आम्ल कामी येतं. गंमत म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिनचं द्रावण याच्या उलट, रिकाम्या पोटी घ्यायचं. त्यात औषध आधीच विरघळलेलं असतं. औषध एकच, सूचना दोन टोकांच्या.

मी तिला एवढंच सांगितलं, डॉक्टरांना फोन कर आणि गॅसची गोळीही घेतेस हे सांग. स्वतः काही बंद करू नको. ती म्हणाली, चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिलं होतं की काय कुणास ठाऊक, अक्षर वाचता येत नव्हतं. चिठ्ठी पाहिली. लिहिलेलं होतं. मलाही वाचता आलं नसतं.

१९ सप्टेंबर

बाजारातली एक कॅप्सूल उघडली. पांढऱ्या ट्रेमध्ये दाणे पसरले, खसखशीपेक्षा मोठे, राजगिऱ्याहून जरा मोठेच. मामा आणि मी सुईने पाच-पाचचे गट करून मोजले, ६१२. दुसऱ्या ब्रँडच्या कॅप्सूलमध्ये दाणे निम्म्याहून कमी आणि जाडे. लेप तेवढाच राहिला तरी दाणा मोठा म्हणजे पृष्ठभाग कमी, म्हणजे विरघळण्याची गती वेगळी. पट्टीवर दोन्हींच्या '१०० मि.ग्रॅ.' एकसारखेच छापलेले.

दोन्हींचं डिझोल्यूशन ०.२ च्या फिल्टरने, बॅटरीसकट. पहिली ४७, दुसरी २९. दोन कॅप्सूलवरून ब्रँडबद्दल निष्कर्ष काढायचा नाही, म्हणून नावं प्रबंधात येणार नाहीत.

३० सप्टेंबर

आजचा प्रयोग खरं तर आत्यामुळे सुचला. पोटात ५२ टक्के विरघळलं, ठीक. पुढे आतड्यात जाताना काय होतं?

७५० मि.ली. ०.१ नॉर्मल आम्लात दोन तास, मग २५० मि.ली. ०.२ मोलर ट्रायसोडियम फॉस्फेट ओतायचं की पीएच ६.८ वर येतो. मी मोजपात्र व्हेसलच्या काठावर धरलं, मामांनी घड्याळ. ओतलं. तीन-चार सेकंद काही नाही. मग पॅडलच्या खालून धूर निघावा तसे पांढरे लोट वर यायला लागले आणि मिनिटाभरात सहाही व्हेसल ताकासारखे. पंधराव्या मिनिटाला ९ टक्के, दोन तासांनी ३.

चार महिने जे वर चढवलं ते एका मोजपात्राने खाली आणलं. या विषयात याला स्प्रिंग आणि पॅराशूट म्हणतात. स्फटिक मोडला की औषध स्प्रिंगसारखं उसळून अतिसंपृक्त होतं, म्हणजे मावतं त्याहून जास्त विरघळतं. मग त्याला हळूहळू खाली उतरवायला पॅराशूट लागतं, म्हणजे असा पॉलिमर जो वाढू पाहणाऱ्या कणांना चिकटून त्यांना स्फटिक होऊ देत नाही. माझी स्प्रिंग दणकट आहे. पॅराशूट फाटकं.

आणि मी जूनपासून सगळी मोजमापं चढावरचीच घेत होते.

१६ ऑक्टोबर

विचार उलटा केला. पोटात विरघळवायचंच कशाला? आम्लात न विरघळणारा पॉलिमर घ्यायचा, तो औषधाला धरून ठेवेल आणि आतड्यात पोचल्यावरच सोडेल. एचपीएमसी अ‍ॅसिटेट सक्सिनेट, एल ग्रेड, ५.५ पीएचच्या वर विरघळतो. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर झालेल्या सुबा-इट्राकोनाझोलमध्ये याच कुळातला एचपीएमसी थॅलेट आहे, आणि तिथे ६५ मि.ग्रॅ.ची कॅप्सूल जुन्या १०० च्या जागी देतात. भारतातही या तंत्राच्या कॅप्सूल मिळतात.

आम्लात दोन तासांनी ७ टक्के. फॉस्फेट ओतलं. लोट आले नाहीत. द्रावण दुधाळ नाही, निळसर झालं, बॅटरीला जाड झोत. पंधराव्या मिनिटाला ३८, दोन तासांनी २४. उतरतंय, पण पायऱ्या उतरल्यासारखं, विहिरीत पडल्यासारखं नव्हे.

३८ मध्ये किती खरं विरघळलेलं आणि किती ०.२ मधून निसटलेलं, हे आमच्याकडच्या साधनांनी वेगळं करता येत नाही. तसंच लिहिणार.

मॅडम वाचन पाहत होत्या. म्हणाल्या, "५२ पेक्षा ३८ लहान आहे ना? परीक्षकाला का आवडावं?" मी उत्तर द्यायला लागले आणि द्यायला लागल्यावर लक्षात आलं की त्या व्हायव्हा घेतायत. दहा मिनिटं बोलले. मध्ये आत्याही आली. गॅसची गोळी घेणाऱ्याच्या पोटात पहिली पूड ५२ वर पोचणारच नाही, तिला चढायला आम्लच नाही. दुसरीला आम्लाची गरज कमी. हे अजून पीएच ४.५ ला करून दाखवायचंय, म्हणून 'गरज कमी' एवढंच बोलायचं, 'गरज नाही' म्हणायचं नाही. त्यांनी ही दुरुस्ती मध्येच करवली.

२२ ऑक्टोबर

पीएच ४.५ बफर. एचपीएमसीची पूड ११ टक्के, अ‍ॅसिटेट सक्सिनेटची ५. मग पीएच ६.८ केल्यावर पहिली २, दुसरी ३५. तिन्ही वेळा.

औषध उरलंय १.९ ग्रॅम.

४ डिसेंबर

तीन महिन्यांच्या बाटल्या काढल्या. बंद: पूड सुटी, डीएससीत दरी नाही. उघड्या: कडेला किंचित ढेकूळ, आणि १६२ ला इतकी उथळ लाट की मला वाटलं बेसलाइनच हलली असेल. विद्यापीठात एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारी तपासणी) पाठवली होती, त्यातही रुंद टेकडीवर दोन बारीक काटे. लाट खरी आहे. म्हणजे एचपीएमसीने धरून ठेवलं, पण कायमचं नाही. उघड्यावर तर नाहीच. अ‍ॅसिटेट सक्सिनेटच्या बाटल्या नोव्हेंबरात ठेवल्यात, त्यांचा निकाल माझ्या सबमिशननंतर येणार. पुढच्या बॅचच्या मुलीला डेसिकेटर आणि वही दोन्ही देऊन ठेवलीत, झाकणाचं ग्रीस कसं तपासायचं ते लिहून.

आत्याचा फोन. डॉक्टरांनी गॅसची गोळी थांबवली, कॅप्सूल जेवणानंतर घ्यायला सांगितली. खाज कमी आहे म्हणते. कशाने कमी झाली ते सांगता येणार नाही; ती मधल्या काळात मलमही लावत होती.

प्रबंधाचं पाचवं प्रकरण आज मॅडमकडून तपासून आलं. ८६ टक्क्यांचा ग्राफ मी काढून टाकला होता. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय: हा कुठे गेला? परत घातला. आकृती ५.३, ०.४५ मायक्रॉन फिल्टर, मिथेनॉलने सौम्य केलेले नमुने. आकृती ५.४, तीच पूड, ०.२ मायक्रॉन, पहिले ५ मि.ली. टाकून. मध्ये बॅटरीच्या झोताचा फोटो, दिवे घालवून मामांनी काढलेला; कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय, तो कापायला जागा नाही.